मृगाचे मासे, चिलापी आणि १८९७ सालचा कायदा

पुणे-सोलापूर हायवेवरून जाणाऱ्या माणसाला भिगवण दोन गोष्टींसाठी माहीत असतं. एक फ्लेमिंगो, दुसरी मासे. फ्लेमिंगो बघायचे तर पहाटे उठावं लागतं, त्यामुळे बहुतेकांची गाडी दुसऱ्या गोष्टीपाशीच थांबते :) हॉटेलात शिरायचं, "ताजं काय आहे?" असं विचारायचं, पोऱ्या एका दमात "चिलापी, रोहू, कटला, वाम, मरळ" म्हणतो आणि आपण म्हणतो, "कुठलाही चालेल, फ्राय मस्त करा."

आजचा विषय हा 'कुठलाही चालेल'. नदीतला कुठला मासा धरावा, कुठला सोडून द्यावा, कधी धरू नये, याचे काही नियम आहेत का? असले तर ते कोणी केले? आणि ते आपल्या ताटापर्यंत पोचतात का? शनिवारी सकाळी चहा घेऊन शोधायला बसलो तेव्हा अर्ध्या तासाचं काम वाटलं होतं. त्यात चार वीकएंड गेले.

आधी थोडा भूगोल. इंदापूर तालुक्याचा नकाशा काढून बघा. उत्तरेला आणि पूर्वेला भीमा, दक्षिणेला नीरा, आणि दोघी तालुक्याच्या टोकाला नरसिंहपूरला भेटतात. म्हणजे तालुक्याला तीन बाजूंनी नदी, आणि मधला भाग मात्र कायमचा अवर्षणाचा. बारामतीहून इंदापूरला जाताना या मधल्या भागात निमगाव केतकी लागतं. पानमळ्यांसाठी प्रसिद्ध गाव, तुकोबांच्या पालखीचा मुक्काम असतो, आणि माझं आजोळ. लहानपणी सुट्टीत तिथे गेलं की मासे 'भीमंचे' की 'नीरंचे' यावर मोठ्या माणसांचा वाद ऐकायला मिळायचा. चवीत फरक असतो म्हणे. मला तो कधी कळला नाही, पण माशाला नदी असते एवढं मात्र तेव्हाच डोक्यात बसलं.

या नद्यांमधल्या माशांची पहिली शास्त्रीय यादी केली ती विल्यम हेन्री सायक्स नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने. पेशवाई बुडाली १८१८ साली. त्यानंतर कंपनी सरकारला नव्या मुलखात नक्की काय काय आहे याची मोजदाद हवी होती. १८२४ साली सायक्सची नेमणूक मुंबई सरकारचा 'स्टॅटिस्टिकल रिपोर्टर' म्हणून झाली. आजच्या भाषेत डेटा कलेक्शनचा प्रोजेक्ट. गडी दख्खनभर फिरला. माणसं मोजली, पिकं मोजली, पक्षी गोळा केले, आणि भीमा, मुळा-मुठा या नद्यांमधले मासेही गोळा केले. विलायतेला परतल्यावर त्याने 'दख्खनचे मासे' हा निबंध लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीसमोर मांडला. तो १८३९ ते १८४१ च्या दरम्यान छापून आला.

या निबंधातली खरी गंमत नावांमध्ये आहे. एरवी साहेब लोक नव्या प्राण्याला आपल्या मित्राचं, नाहीतर गव्हर्नरचं नाव द्यायचे. सायक्सनेही तसं थोडं केलं. पण बऱ्याच माशांना त्याने इथल्या कोळ्या-भोयांच्या तोंडचं नाव जसं ऐकू आलं तसं दिलं. म्हणून आज जगातल्या कुठल्याही विद्यापीठात आपल्या महाशीरचं नाव 'टॉर खुद्री' आहे. एका माशाचं 'हिप्सेलोबार्बस कोळस', एकाचं 'मिस्टस शिंगटी', एकाचं 'गॅरा मल्या'. टॉर खुद्रीचा पहिला नमुना मिळाला तोही पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर, मुळा-मुठेत. ज्या नदीवरून आपण रोज नाक दाबून हापिसला जातो, तिच्यात महाशीर होता.

थोडक्यात, १८२० च्या दशकात या नद्यांवर मासे धरणाऱ्यांकडे चाळीसेक माशांची वेगवेगळी नावं तयार होती. सायक्सने त्यांना फक्त लॅटिन मुंडासं बांधलं. हे लक्षात असू द्या, शेवटी लागणार आहे.

आता नियम. त्यासाठी अर्धं शतक पुढे जावं लागतं. सर्जन-मेजर फ्रान्सिस डे हा मद्रास सैन्यातला डॉक्टर. माशांचं वेड इतकं, की पुढे सरकारने त्याला मत्स्योद्योगाचा इन्स्पेक्टर जनरलच करून टाकलं. १८७३ साली त्याने हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या माशांवर एक जाडजूड अहवाल दिला. त्याची पद्धत मला फार आवडली. त्याने जिल्ह्याजिल्ह्यातल्या अधिकाऱ्यांना आणि तहसीलदारांना एक प्रश्नावली पाठवली: तुमच्याकडे मासे धरणारे किती? लोक मासे खातात का? बाजारात पुरेसे येतात का? जाळ्याचा लहानात लहान आस केवढा? ('आस' म्हणजे जाळ्याचं एक भोक.) विणीच्या दिवसांत मासे मारतात का? उत्तरं गोळा करून त्याने छापून टाकली. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वीचा सर्व्हे फॉर्म!

उत्तरांमधून चित्र दिसलं ते असं. जाळ्यांचे आस इतके बारीक की बोटाएवढं पिल्लूही सुटू नये. पावसाळ्याच्या तोंडाला अंडी घालायला वर चढणारे मासे ओढ्या-नाल्यांत अडवून मारले जातात. आणि इंग्रजांनीच बांधलेले कालव्यांचे बंधारे माशांची वाट अडवतात. हा तिसरा मुद्दा सरकारला फारसा रुचण्यासारखा नव्हता, कारण कालवे बांधायचा तो काळच होता. आमच्या भागातला नीरा डावा कालवा १८७६-७७ च्या दुष्काळात निघाला आणि १८८० च्या दशकात वाहू लागला.

डेच्या शिफारशींवर आक्षेप होते. मुख्य आक्षेप असा की बारीक मासा हे गरिबाचं अन्न आहे, ते कायद्याने कसं काढून घ्यायचं? हा प्रश्न तेव्हाही खरा होता, आजही खरा आहे. अहवालापासून कायद्यापर्यंत पोचायला २४ वर्षं गेली. १८९७ साली, म्हणजे पुण्यात प्लेग आणि रँडचा खून झाला त्याच साली, 'इंडियन फिशरीज ॲक्ट' आला.

कायदा अगदी छोटा आहे, एका बैठकीत वाचून होतो. सुरुंगाची दारू लावून मासे मारायचे नाहीत. पाण्यात विष कालवून मारायचे नाहीत. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोनशे रुपयांपर्यंत दंड. बाकी सगळं प्रांतिक सरकारांवर सोडलेलं: हवं तर जाळ्यांचे प्रकार आणि आस ठरवा, पाण्यात कायमचे रोवलेले सापळे आणि बांध बंद करा, एखाद्या ठिकाणची मासेमारी दोन वर्षांपर्यंत पूर्ण थांबवा.

पुन्हा एकदा वाचलात तर लक्षात येईल की या कायद्यात हत्यारं आहेत, जाळी आहेत, बांध आहेत. मासा मात्र नाही. कुठला मासा, केवढा मासा, अंडी असलेला की नसलेला, याबद्दल अक्षर नाही. सायक्सच्या यादीतलं एकही नाव त्यात आलं नाही. कायद्याने धरणाऱ्याच्या हाताकडे बघितलं, विकत घेणाऱ्याच्या पिशवीत डोकावलं नाही. त्यामागे सोयही होती. जाळं मोजता येतं, जप्त करता येतं. मासा तासाभरात कालवण होतो.

आता पावसाळ्याबद्दल. दर वर्षी श्रावण आला की फॉरवर्ड फिरायला लागतात: "आपले पूर्वज किती शास्त्रशुद्ध! श्रावणात मासे अंडी घालतात म्हणून ते खायचे नाहीत असा नियम केला." ऐकायला छान वाटतं. पण तारखा ताडून बघू. नदीतले बहुतेक मोठे मासे वितात ते पहिल्या पुराबरोबर, जूनच्या मध्यापासून पुढे. मध्य प्रदेशात नदीतल्या मासेमारीला १६ जून ते १५ ऑगस्ट अशी ६१ दिवसांची बंदी असते, ती याच हिशोबाने. आपल्याकडे श्रावण सुरू झाला २०२४ साली ५ ऑगस्टला आणि २०२५ साली २५ जुलैला. म्हणजे या ६१ दिवसांपैकी श्रावणात आले २०२४ साली ११ दिवस आणि २०२५ साली २२. उरलेले दिवस कशात गेले? ज्येष्ठात आणि आषाढात. आणि आषाढात आपण काय करतो? आखाड पार्टी! श्रावण लागायच्या आधी सगळं खाऊन घ्यायचं म्हणून नॉनव्हेजचा सर्वांत जास्त खप याच दिवसांत. मांसाहाराचं वेळापत्रक माशांच्या वेळापत्रकाच्या जवळजवळ उलटं आहे.

त्याहून आधी येतं मृग नक्षत्र. मृगाचे मासे खाल्ले की वर्षभर तब्येत बरी राहते असं जुनी माणसं सांगतात. हे मासे म्हणजे बहुतांशी 'चढणीचे मासे'. पहिल्या पावसात ओढ्याला पाणी आलं की नदीतला मासा प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतो, शेताच्या बांधापर्यंत येतो. तो येतो अंडी घालायला. उथळ पाण्यात तो सहज सापडतो, पोटात गाभोळी असते, चव उत्तम. डेने १८७३ साली ज्याबद्दल तक्रार केली ते नेमकं हेच. मला यात कोणाला बोल लावायचा नाही. चार ओढ्यांत चार घरांनी हाताने, धोतराने, टोपलीने मासे धरायचे आणि नदी मैलोनमैल मोकळी वाहत असायची, तेव्हा हा हिशोब जमून जात असेल. अडचण अशी की आता नदी मोकळी वाहत नाही.

हायवेवरच्या त्या हॉटेलात आपल्या ताटात जे येतं त्याची गोष्ट इथून सुरू होते.

भीमेवर उजनीचं धरण १९८० साली पूर्ण झालं. ११७ टीएमसीचा साठा. गावं गेली, पळसदेवचं जुनं मंदिर पाण्यात गेलं (उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की ते अजून वर येतं), आणि वाहत्या नदीचं तळं झालं. खडकाळ, वाहत्या पाण्यात वाढणाऱ्या माशांना तळं मानवत नाही. खुद्री, कोळस वगैरे मंडळी मागे पडली. कोळस २०११ साली आययूसीएनच्या लाल यादीत धोक्यात असलेल्या माशांमध्ये नोंदला गेला. कोळस म्हणजे मुळात इथला, आमचा मासा.

रिकाम्या जागी आले पाहुणे. कटला, रोहू, मृगळ हे मूळचे गंगेच्या खोऱ्यातले. बंद पाण्यात ते सहसा वीत नाहीत, त्यामुळे त्यांचं बीज पूर्वी नदीतून गोळा करून आणावं लागायचं. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात अंगुळ इथे हिरालाल चौधरी यांनी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काचं इंजेक्शन देऊन या माशांना हौदात विण्याला लावलं. तो दिवस आता राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात. त्यानंतर देशभरातल्या धरणांत आणि तळ्यांत या तिघांचं बीज सोडता येऊ लागलं. भिगवणला मिळणारा रोहू भीमेचा म्हणायचा तो त्या अर्थाने, पुण्यात आयटीत काम करणारा माणूस पुणेकर असतो त्या अर्थाने.

दुसरा पाहुणा चिलापी, म्हणजे तिलापिया. मूळ आफ्रिकेचा. भारतात आणला १९५२ साली. तो इतक्या वेगाने वाढतो की १९५९ मध्येच त्याच्या प्रसारावर बंदी घालायची वेळ आली. तोवर गाडी सुटली होती. चिलापीची मादी अंडी आणि पिल्लं तोंडात सांभाळते, काही महिन्यांची असतानाच विते, वर्षातून अनेकदा विते. तिला ना पूर लागतो ना स्वच्छ पाणी. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं, आणि तिथे चिलापी आनंदात असते. (आपल्या सिंकमधून गेलेलं पाणी फ्राय होऊन परत येतं, हा विचार जेवताना करू नये.)

तिसरा पाहुणा आफ्रिकी मांगूर. केंद्र सरकारने २००० साली त्याच्यावर बंदी घातली, कारण हा मासा दिसेल ते खातो, दुसरे मासेही खातो, आणि कत्तलखान्याच्या टाकाऊ मालावर पोसला जातो. तरी उजनीच्या काठाने चोरून त्याची तळी चालली. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाच्या आदेशानंतर ती नष्ट करायच्या मोहिमा झाल्या. चौथा पाहुणा सकर मासा, लोकांच्या काचेच्या टाक्यांतून सुटलेला. तो कोणी खात नाही आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात.

या सगळ्यात भर म्हणून 'वडाप'. आपल्याकडे वडाप म्हणजे माणसं कोंबून नेणारी जीप. उजनीत वडाप म्हणजे बारीक आसाचं मोठं ओढजाळं. अर्थ तोच, सापडेल त्याला आत घ्यायचं! या जाळ्यात कटला-रोहूची बोटाएवढी पिल्लंही येतात. सोडलेलं बीज वाढायच्या आधीच सुकटीच्या भावाने जातं. वडापला बंदी आहे, कारवाईच्या बातम्या येत राहतात, मोठ्या आसाची जाळी वापरणारे स्थानिक मच्छीमार तक्रारी करत राहतात, आणि तरीही वडाप चालतं. कारण जलाशय अफाट आहे, रात्र मोठी आहे, आणि टोकाला बारीक मासा विकत घेणारा कोणीतरी आहे.

समुद्राच्या बाबतीत सरकारने २०२३ साली वेगळी वाट धरली. जाळ्याबरोबर माशाचंही माप ठरवलं. पापलेटपासून बोंबलापर्यंत ५४ जातींची किमान लांबी जाहीर झाली, त्याहून लहान मासा धरायचा नाही. १८९७ च्या कायद्यात नसलेला मासा अखेर कागदावर आला. पण त्या यादीत भीमा-नीरेचे मासे नाहीत, ती खाऱ्या पाण्याची आहे.

मग आपण काय करायचं? मागच्या दिवाळीत मामाबरोबर इंदापूरच्या मासळी बाजारात गेलो होतो. मामा पाटीपाशी थांबला, दोन बोटांनी एक वीतभर कटला उचलला, खाली ठेवला आणि विकणाऱ्याला म्हणाला, "ह्ये पोरगं कशाला आणलंस? ह्याचा बाप आला की सांग." आणि शेजारच्या पाटीतली चिलापी घेतली. मी विचारलं, हीपण लहानच आहे की. तर म्हणाला, "आरं, चिलापी काय संपायची न्हाय. तू खाऊन खाऊन किती खाशील?"

मामाने कुठलाही कायदा वाचलेला नाही. त्याला नावं येतात, एवढंच. बारीक मासा दोन प्रकारचा असतो हे त्याला ठाऊक आहे: एक, जो वाढून मोठा होणार आहे. दुसरा, जो मोठाच एवढा असतो, जसा मल्या किंवा शिंगटी. पहिला धरणं म्हणजे नुकसान. दुसरा खुशाल खावा, गरिबाच्या घरात तो पिढ्यानपिढ्या खाल्ला जातो. नावच माहीत नसलं तर आपल्याला दोन्ही सारखेच 'छोटे मासे' दिसतात, आणि मग आपण नियम पाळायचं ठरवलं तरी पाळणार कसा?

म्हणून माझ्यापुरती यादी केली आहे. पटली तर घ्या. चिलापी कधीही, कुठल्याही मापाची, निर्धास्त (म्हणजे माशाच्या बाजूने निर्धास्त. सांडपाण्याचा प्रश्न आहेच). कटला, रोहू, मृगळ एक किलोच्या आतला नको, आणि हॉटेलवाल्याला "केवढा आहे, आधी दाखवा" असं सांगायला लाजायचं नाही. किलो-दीड किलोचा धष्टपुष्ट मांगूर दिसला तर तो देशी नसण्याचीच शक्यता जास्त, त्याला हात लावायचा नाही. वाम, मरळ हे इथले मासे, कधीतरी आणि मोठे असतील तरच. खुद्री किंवा कोळस कोणी समोर आणलाच तर घ्यायचा नाही, फक्त नाव विचारून घ्यायचं. आणि मृगापासून आषाढ संपेपर्यंत नदीचा मासा बंद, गाभोळीचा मोह कितीही झाला तरी. आखाडाला कोंबडी आहेच.

यातलं काहीही कोणी तपासायला येणार नाही. सव्वाशे वर्षं नियम जाळ्यापाशी थांबले आहेत, आणि बारीक आसाचं जाळं चालतं ते बारीक मासा खपतो म्हणून. खपवणाऱ्यांत आपण आहोत. पगार आपले चांगले आहेत, हायवेवर थांबणाऱ्या गाड्या आपल्या आहेत, त्यामुळे हॉटेलवाला आपलं ऐकतो. दहा टेबलांनी "लहान कटला नको" म्हटलं तर अकराव्या दिवशी तो आणणार नाही.

पुढच्या वेळी भिगवणला थांबलात तर एवढं करा, पोऱ्याला एक प्रश्न जास्त विचारा. त्याने सांगितलेलं एखादं नाव वर आलेलं नसेल तर मला जरूर कळवा. भीमेतली अजून बरीच नावं गोळा करायची राहिली आहेत.